आहुप्याची देवराई आणि भोवतालची गावे

घोडेगावाहून घोड नदीच्या कडेने पश्चिमेकडे निघाले की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात, भातखाचरे लहान होत जातात आणि रस्ता संपता संपता आहुपे हे गाव लागते. त्यापुढे सह्याद्रीचा कडा तुटून खाली कोकणात उतरतो. कड्यावर उभे राहिले की गोरखगड व मच्छिंद्रगड यांचे सुळके दिसतात, आणि आहुपे घाटाची जुनी पायवाट मुरबाड तालुक्याकडे उतरताना दिसते. गावाला लागूनच भैरवनाथाचे स्थान असून त्याच्याभोवती दाट रान आहे. या रानाला आहुप्याची देवराई म्हणतात. माझे आजोळ याच खोऱ्यातले. त्यामुळे लहानपणापासून हे रान मी पाहत आलो. पण ते तसे का राहिले, हा प्रश्न मात्र महाविद्यालयात आल्यावरच पडला.

देवराई म्हणजे देवाची राई, देवाच्या नावाने राखलेले रान. कोकणात यालाच देवरहाटी म्हणतात. गावोगावचा देव वेगळा. कुठे भैरवनाथ, कुठे वाघजाई, कुठे काळकाई, तर कुठे नुसता शेंदूर फासलेला तांदळा. नियम मात्र बहुतेक ठिकाणी एकाच वळणाचा आढळतो: येथे कुऱ्हाड चालवायची नाही. काही गावांत वाळलेली काटकीसुद्धा उचलत नाहीत. काही गावांत पडलेले फळ चालते, पण ओली फांदी चालत नाही. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवे असेल तर देवाला कौल लावायचा आणि त्याने होकार दिला तरच झाड पाडायचे. ‘लोक देवाला भ्यायले म्हणून झाडे वाचली’ असे आपण सहज म्हणतो. मला ते अपुरे वाटते. भीती सगळ्याच गावांत होती, पण सगळ्याच राया काही वाचल्या नाहीत.

हे समजायला राईच्या आतपेक्षा बाहेर आधी पाहावे. या डोंगरातली वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. खाचरात भात आणि उतारावर नाचणी व वरई ही त्यांची पिके. भाताची रोपे करण्यापूर्वी जमीन भाजावी लागते, तिला राब म्हणतात. झाडांच्या डहाळ्या छाटून आणायच्या, शेण, पालापाचोळा व डहाळ्या यांचे थर वाफ्यावर पसरायचे, वर माती भुरभुरायची आणि पावसाच्या तोंडावर पेटवून द्यायचे. तणाचे बी जळते, राखेचे खत होते आणि रोप जोमाने येते. पुढे आवणीला ती रोपे खाचरात जातात. पद्धत शहाणपणाची आहे, पण तिला डहाळ्या लागतात. म्हणून बाहेरची झाडे खांबासारखी सरळ उभी, अंगावर फांद्या थोड्या आणि शेंड्याला हिरवा झुपका, अशी दिसतात. त्यांतून एकदम राईत शिरले म्हणजे झाड मोकळे वाढले तर कसे दिसते ते कळते.

आत उजेड कमी. वर आंबा, जांभूळ, हिरडा यांची छत्रे एकमेकांत मिसळलेली, मध्ये अंजनी आणि खाली पायाला मऊ लागणारा कुजका पाला. माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या असतात. गारंबीची वेल मी प्रथम अशाच रानात पाहिली. तिची शेंग हाताएवढी लांब आणि बी तळहातात मावेल एवढे मोठे. या डोंगरात शेकरू आहे. ही मोठी तांबूस खार आपल्या राज्याचा मानाचा प्राणी. ती जमिनीवर फारशी उतरत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते आणि उंच फांद्यांत काटक्यापानांचे घरटे करते. छत्र तुटले की तिचा रस्ताच तुटला. तिच्यासाठी म्हणून १९८५ साली शेजारचे भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यात रात्री या पट्ट्यातल्या ओल्या, कुजलेल्या काटक्या फिकट हिरव्या उजेडाने चमकतात. तो उजेड एका बुरशीचा असतो. शहरातून लोक अलीकडे मुद्दाम तो पाहायला येतात आणि हातातल्या विजेऱ्या विझवायच्या विसरतात, ते वेगळे.

आता पाण्याकडे वळतो, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरीही चैत्र-वैशाखात बाया हंडे घेऊन झऱ्यावर बसलेल्या दिसतात. कारण आपला काळा पाषाण. लाव्ह्याचे थरावर थर बसून सह्याद्री झाला. हा दगड पाणी फारसे शोषत नाही. पाणी साठते ते भेगांत, झिजलेल्या मुरमाट थरांत आणि वरच्या मातीत. उघड्या उतारावर पडलेला पाऊस माती घेऊन काही तासांत ओढ्याला लागतो. राईतल्या कुजक्या पाल्यावर तोच पाऊस थबकतो, मुरतो आणि जिथे कठीण थर आडवा येतो तिथे झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून पुष्कळ देवरायांच्या पायथ्याशी झरा किंवा टाके आढळते. झाडे पाणी ‘निर्माण’ करतात हे मात्र भाबडेपणाचे बोलणे आहे. झाडे पाणी पितातही. पाणी धरते ती झाडांखाली शेकडो वर्षांत साचलेली माती, आणि ती पाच वर्षांच्या वृक्षारोपणाने तयार होत नाही.

श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची हकिगत यासाठी सांगण्याजोगी आहे. त्यांच्या राईतली झाडे तोडीला निघाली तेव्हा गावकऱ्यांनी ती वाचवण्यासाठी पुण्याच्या अभ्यासकांकडे मदत मागितली. तक्रारीत देव होताच, पण डोंगर उघडे झाल्यावर उरलेला ओढा या राईतून येतो, हा मुद्दाही होता. हे अभ्यासक म्हणजे माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक. दोघांनी १९७० नंतरच्या दशकात गावोगाव हिंडून देवरायांची नोंद केली आणि १९७६ साली पश्चिम घाटातील देवरायांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याआधी दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथात मातृदेवतांच्या स्थानांचा माग जुन्या वाटांवरून काढला होता आणि त्यांची पाळेमुळे शेतीपूर्व काळात नेली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ परीक्षेत नसला तरी वाचावा.

राईबाहेरच्या रानावर लोकांचे पोट आहे, त्यात हिरड्याला मान पहिला. फळ कोवळे असतानाच उन्हाळ्यात उतरवायचे आणि अंगणात वाळवायचे, तोच बाळहिरडा. औषधाला आणि कातडी कमावण्याला हिरडा लागतो. या पैशावर पावसाळ्यापूर्वीचा बाजार होतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या डोंगरावरून गेले, हिरड्याची झाडे मोडली आणि नुकसानभरपाईसाठी आंबेगाव-जुन्नरच्या लोकांना पुढे दीर्घकाळ भांडावे लागले. ज्यांचे एवढ्यावर भागत नाही ते नारायणगावच्या बाजारात मजुरीला उभे राहतात. खालच्या बाजूला डिंभे धरण झाले. तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे ते आंबेगावच त्या पाण्यात बुडाले. धरणाचे पाणी कालव्यांनी खालच्या बागायतीला जाते. वरच्या गावांना मात्र झरा.

याच खोऱ्यात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी गावावरचा डोंगर खचला आणि दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आधीच्या दिवसांचा सततचा पाऊस, मुळात तीव्र उतार, आणि उतारावर खाचरे काढताना झालेली तोडफोड यांची नावे घेतली जातात. उतारावर बांध घालून खाचर काढण्याच्या कामाला येथे पडकई म्हणतात. पूर्वी ते काम गावकरी एकमेकांना साहाय्य करून हातांनी करीत. राई असती तर माळीण वाचले असते, असे विधान मी करणार नाही. तेवढा पुरावा नाही. पण कोणत्या उताराला हात लावायचा आणि कोणत्याला नाही, हे ठरवण्याची एक रीत या गावांत होती आणि देवराई हे त्या रीतीचे दिसणारे रूप आहे, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आज देवरायांना मोठा धोका कुऱ्हाडीचा नाही, भक्तीचा आहे. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. मुंबईत नोकरीला असलेली मंडळी वर्गणी काढून गावच्या देवाचा जीर्णोद्धार करतात. हेतू चांगलाच असतो. पण दगडाचे लहान देऊळ जाऊन स्लॅबचे येते, भोवती फरशी येते, मांडवासाठी जागा लागते, गाडीला वाट लागते. खालची झुडपे ‘कचरा’ म्हणून साफ होतात. मोठी झाडे तशीच उभी असतात, म्हणून कुणाला काही बिघडले असे वाटत नाही. मात्र त्यांच्या खाली पुढची पिढी रुजत नाही, आणि म्हातारी झाडे पडली की राई संपते. २००४ साली ‘देवराई’ नावाचा मराठी चित्रपट आला आणि हा शब्द शहरात पोहोचला. रान किती पोहोचले ते सांगवत नाही.

मालकीचा प्रश्नही गुंतागुंतीचा आहे. अनेक राया कागदोपत्री वनखात्याच्या किंवा महसूल खात्याच्या नावावर आहेत. गाव मात्र त्या देवाच्या समजते. १८७८ च्या वनकायद्यापासून हा तिढा चालत आला. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या ‘ओरण’ नावाच्या देवरानांची पाहणी व नोंद करण्याचे आदेश दिले. निर्णय तिकडचा असला तरी आपल्याकडेही तो वाचला जावा. त्याहून जवळचे साधन म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. गावाने परंपरेने राखलेले सामूहिक वन राखण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा हक्क त्यात मान्य केला आहे. हा दावा ग्रामसभेपासून सुरू होतो. पुराव्यात जुने कागद चालतात, तसे जाणत्या म्हाताऱ्यांचे लेखी घेतलेले जबाबही चालतात. राईची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या ओढ्यापर्यंत, कौल कसा लावीत, कोणते लाकूड कधी नेले, हे सांगणारी माणसे आता प्रत्येक गावात दोन-चारच उरली आहेत. त्यांचे जबाब लिहून घेण्याचे काम आमच्याकडे या उन्हाळ्यात सुरू झाले असून, लिहिणारे हात बहुतेक माझ्यासारख्या शिकायला बाहेर पडलेल्या पोरांचे आहेत.