मजकूर आणि मांडणी : लेखनसाधनाची निवड

प्रकल्पलेखन संगणकावर करताना कोणते साधन वापरावे, हा प्रश्न तुम्हांला पडेल. त्याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा लेखनाच्या हेतूवर अवलंबून असते.

१. साधनांचे दोन प्रकार
मायक्रोसॉफ्ट वर्ड किंवा लिब्रे ऑफिस रायटर यांत मजकूर आणि त्याची मांडणी, म्हणजे फॉन्ट, समास, तळटीपा, ही एकत्र साठवली जातात. वर्डची आजची फाइल हे वस्तुतः अनेक फाइलींचे झिप पद्धतीने बांधलेले गाठोडे असते. ते नीट उघडण्यास तसेच सॉफ्टवेअर लागते. नोटपॅडसारख्या साधनात मात्र केवळ अक्षरांचे संकेतांक साठवले जातात. म्हणून ती फाइल जवळजवळ कोणत्याही संगणकावर वा मोबाइलवर वाचता येते.

२. मराठीपुरता महत्त्वाचा मुद्दा
जुन्या अनेक मराठी फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. असा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो. संगणकाच्या लेखी तो मराठी नसतो. फॉन्ट नाहीसा झाला, की निरर्थक रोमन अक्षरे उरतात. युनिकोडमध्ये देवनागरी वर्णांना स्वतःचे संकेतांक आहेत. ‘र’ आणि ‘ऱ’ यांचे संकेतांकही वेगळे आहेत. त्यामुळे ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) हा भेद शोध घेतानाही टिकतो. तेव्हा साधन कोणतेही असो, लेखन युनिकोडमध्येच करावे.

३. निवड कशी करावी?
समजा, तुम्ही आपल्या गावच्या बोलीतील शब्द संकलित करीत आहात. एका ओळीत एक शब्द, त्याचा अर्थ आणि वापराचे उदाहरण, अशी नोंद साध्या मजकुराच्या फाइलीत करा. ती सहज शोधता येते, वर्णानुक्रमे लावता येते आणि पुढील अभ्यासकालाही उपयोगी पडते. वृद्ध भाषकाकडून मिळालेला शब्द पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून हे जपणे अगत्याचे आहे. अंतिम प्रबंधास मात्र तळटीपा, अनुक्रमणिका, पृष्ठांक आणि मार्गदर्शकांच्या समासातील सूचना आवश्यक असतात. तेथे वर्ड किंवा रायटर हेच सोयीचे. थोडक्यात, सामग्री साध्या मजकुरात जतन करावी, मांडणी शेवटी करावी.

स्वयं-अध्ययन कृती
तुमच्या जुन्या मराठी फाइलीतील एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवा. तो देवनागरीतच दिसला, तर मजकूर सुरक्षित आहे. रोमन अक्षरे दिसली, तर मूळ फॉन्ट हाताशी आहे तोवर त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या.