शरीरघटना, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील महाविद्यालयांत खेळल्या जाणाऱ्या अमेरिकन फुटबॉलमधील खेळाडूंच्या शरीरातील मेद आणि मेदविरहित ऊतके (स्नायू, अस्थी इ.) यांचे परस्परप्रमाण. खेळाडूचे बळ, वेग व आरोग्य या प्रमाणाशी निगडित असते. केवळ वजनावरून त्याची कल्पना येत नाही.

ही गोष्ट अमेरिकन नौदलातील वैद्य ॲल्बर्ट बेन्के व त्यांचे सहकारी वेलम यांनी १९४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून स्पष्ट झाली. त्यांनी तपासलेल्या २५ व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी १७ जण उंची-वजनाच्या तत्कालीन कोष्टकांनुसार लष्करी सेवेस अपात्र ठरत होते. तथापि पाण्याखाली वजन करून घनता काढली असता त्यांचे जादा वजन मुख्यतः स्नायूंचे असल्याचे आढळले. मेदाची घनता दर घ. सेंमी.स सु. ०.९ ग्रॅ., तर मेदविरहित ऊतकांची सु. १.१ ग्रॅ. असते, या फरकावर ही पद्धत आधारलेली आहे. त्वचेच्या घडीची जाडी कॅलिपरने मोजूनही मेदाचा अंदाज करतात.

उदा., १८५ सेंमी. उंचीचे व ११० किग्रॅ. वजनाचे दोन खेळाडू घेतल्यास दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक सु. ३२ येतो व दोघेही लठ्ठ ठरतात. मात्र एकात मेद १५ टक्के व दुसऱ्यात २८ टक्के असल्यास त्यांचे मेदविरहित वस्तुमान अनुक्रमे ९३.५ व ७९.२ किग्रॅ. भरते.

खेळातील स्थानानुसार शरीरघटना बदलते. प्रतिपक्षाला थोपविणाऱ्या आघाडीच्या फळीतील खेळाडूंत मेद सर्वाधिक असतो. चेंडू झेलणाऱ्या आणि पिछाडीस धावून बचाव करणाऱ्या खेळाडूंत तो सर्वांत कमी आढळतो. टक्कर देताना एकूण वस्तुमान उपयोगी पडते, परंतु धावताना मेद हे निव्वळ ओझे होते. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर बरेचसे अवलंबून असते. म्हणून धिप्पाड खेळाडूचे एकूण बळ अधिक असले, तरी वजनाच्या मानाने ते कमी असू शकते. बाकावर उताणे पडून सु. १०२ किग्रॅ. (२२५ पौंड) वजन किती वेळा उचलता येते, ही बळाची एक रूढ चाचणी आहे. तीत बळाबरोबर चिवटपणाही मोजला जातो.

वजन उचलण्याच्या व्यायामाने खेळाडू जड व मंद होतो, अशी समजूत पूर्वी प्रशिक्षकांत रूढ होती. नेब्रॅस्का विद्यापीठाने १९६९ मध्ये बॉइड एप्ली यांना बलसंवर्धनाचे प्रशिक्षक नेमले. त्यानंतर ही समजूत मागे पडून असे प्रशिक्षण सर्वत्र रूढ झाले.

त्याबरोबर खेळाडूंचे वजनही वाढत गेले. मात्र वाढलेले सर्वच वजन स्नायूंचे नसते. मेदाच्या थरामुळे शरीरातील उष्णता बाहेर पडण्यास अडथळा येतो. त्यातच शिरस्त्राण व जाड संरक्षक पोशाखाची भर पडत असल्याने उन्हाळी सरावात उष्माघाताने दगावणाऱ्यांत आघाडीच्या फळीतील खेळाडूच प्रामुख्याने आढळतात. अतिमेदामुळे रक्तदाब व मधुमेह यांचा धोकाही वाढतो, आणि खेळ सुटल्यावर आहार तसाच राहिल्यास तो बळावतो. यास्तव खेळाडूचे वजन वाढविताना ते कशाचे वाढत आहे, हे वेळोवेळी मोजणे आवश्यक ठरते.