सहाशे पंचेचाळीस अर्थांचं एक क्रियापद

इंग्रजी शिकू लागलेल्या मुलाला अगदी सुरुवातीला जे शब्द भेटतात, त्यांत ‘रन’ असतो. रन म्हणजे धावणे. मूल ते पाठ करतं आणि शिक्षक पुढच्या शब्दाकडे वळतात. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशात मात्र २०११ साली याच शब्दाची नोंद नव्याने सिद्ध झाली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ भरले. ही नोंद तयार करणारे कोशकार पीटर गिलिव्हर त्यासाठी नऊ महिने खपले.

त्याआधी कोशातल्या सर्वांत मोठ्या नोंदीचा मान ‘सेट’ या शब्दाकडे होता. कोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’च्या नोंदीला सुमारे साठ हजार शब्द लागले होते. तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झाल्यावर २००० साली ‘मेक’ने आणि २००७ साली ‘पुट’ने हा मान मिळवला, आणि अखेर ‘रन’ने दोघांनाही मागे टाकलं. ही चारही क्रियापदं घरात, बाजारात, शेतात सतत तोंडी असणारी आहेत. अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५ साली नेमकं हेच दाखवून दिलं: जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त. विद्वज्जड शब्द एखाद्या अर्थावर आयुष्य काढतात. भाषेचा खरा भार असे छोटे शब्दच वाहतात.

चिठ्ठ्यांवर उभा राहिलेला कोश

या कोशाचा संकल्प लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ साली सोडला. प्रत्येक शब्द पहिल्यांदा केव्हा लिहिला गेला, पुढे त्याला कोणता अर्थ कधी चिकटला, हे तारखेनिशी आणि उताऱ्यांनिशी दाखवायचं, हे त्याचं सूत्र होतं. संपादक जेम्स मरे यांनी वाचकांनाच हाक दिली. लोक पुस्तकं वाचत, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवत आणि खाली ग्रंथाचं नाव व साल घालून टपालाने पाठवत. मरे यांच्या बागेतल्या पत्र्याच्या खोलीत या चिठ्ठ्या कप्प्याकप्प्यांत लावल्या जात. पहिला भाग १८८४ साली निघाला. १९१५ साली मरे वारले आणि कोश पुरा व्हायला १९२८ साल उजाडलं. त्यात १८ लाखांहून अधिक उतारे छापले गेले. ‘आर’ या अक्षराचं काम विल्यम क्रेगी यांच्याकडे होतं, म्हणजे ‘रन’ पहिल्यांदा मांडला तो त्यांनी.

कोशकाराचं काम किती बारीक असतं, हे तीन वाक्यं शेजारी ठेवली की कळतं. पहिल्यात नदी दरीतून ‘रन’ होते. दुसऱ्यात घोडा कुरणातून ‘रन’ होतो. तिसऱ्यात पायवाट शेताच्या कडेने ‘रन’ होते. नदी हलते आणि जागेवरही राहते. घोडा जागा सोडतो. पायवाट तर तसूभरही हलत नाही, तिच्यावरून फिरते ती पाहणाऱ्याची नजर. मग हा एकच अर्थ मानायचा की तीन? अशा वेळी कोशकार साल पाहतो, कोणता अर्थ कोणत्या अर्थातून फुटला याचा माग काढतो आणि मगच नवा क्रमांक देतो. ६४५ हा आकडा अशा शेकडो निवाड्यांतून आला आहे.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. गळ्यातला हार आणि सामन्यातली हार हे एकाच उच्चाराचे दोन वेगळे शब्द आहेत. त्यांचं लिंगही वेगळं. ‘रन’चं तसं नाही. त्याचे सगळे अर्थ एकाच कुळातले आहेत. या गुणाला फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ साली ‘पॉलिसेमी’ हे नाव रूढ केलं. आपण त्याला अनेकार्थता म्हणतो.

पाणी, यंत्र आणि पैसा

कुळाचं मूळ जुन्या जर्मानिक ‘रिन्नन’ या धातूत आहे. त्यात पाण्याचं वाहणं आणि प्राण्याचं धावणं, दोन्ही होतं. आजच्या जर्मनमध्ये या दोन अर्थांना ‘रिनेन’ आणि ‘रेनेन’ अशी दोन क्रियापदं आहेत. इंग्रजीने एकाच शब्दात दोन्ही सांभाळले. जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘इर्नन’ असंही होतं. ‘नुकसान’चं बोलण्यात ‘नुस्कान’ होतं, तशीच ही ध्वनींची अदलाबदल.

पाण्याच्या अंगाने या शब्दाने नळ, नाक, डोळे, कच्च्या रंगाचं कापड आणि ओल्या कागदावरची शाई हे सगळं आपलंसं केलं. धावण्याच्या अंगाने शर्यत आली, निरोप पोचवणं आलं, पळून जाणंही आलं. वाढीचा मोठा टप्पा आला तो औद्योगिक क्रांतीत. गिरण्या, वाफेची इंजिनं, आगगाड्या यांचं न थांबता चालू राहणं सांगायला इंग्रजीला क्रियापद हवं होतं, आणि अखंड गती दाखवणारं ‘रन’ हाताशी होतं. गिरणीतून निघालेल्या, प्रतवारी न केलेल्या मालासाठीचा ‘रन ऑफ द मिल’ हा शब्दप्रयोग पुढे कोणत्याही सामान्य गोष्टीला लागू झाला. एकोणिसाव्या शतकात माणसं दुकान, खाणावळ, कारखानाही ‘रन’ करू लागली. यंत्र चालवणं आणि धंदा चालवणं एका शब्दात आलं.

बँकेवर लोकांची झुंबड उडाली, की तिलाही ‘रन’ म्हणतात. सप्टेंबर २००७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्दर्न रॉक बँकेच्या दारात ठेवीदारांच्या रांगा लागल्या. ब्रिटनमधल्या बँकेवर १८६६ नंतर आलेला हा पहिला ‘रन’ होता. रांगेतली माणसं प्रत्यक्षात तासन्‌तास उभी होती. पळत होता तो त्यांचा विश्वास.

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’ करतो. आपणही निवडणुकीला उभेच राहतो. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक १९५२ पासून, कोविडचा खंड सोडला तर, सतत चालू आहे. अशा सलग मुक्कामाला तिकडे ‘रन’ म्हणतात. मराठी नाटक आज दादरला तर उद्या पुण्याला असतं, म्हणून आपण मुक्काम न मोजता प्रयोग मोजतो आणि शंभरावा प्रयोग साजरा करतो. शब्दाला अर्थ मिळतो तो असा, व्यवहाराच्या रीतीतून. १९६४ साली अमेरिकेच्या डार्टमथ कॉलेजात ‘बेसिक’ ही संगणकभाषा सुरू झाली, तेव्हा प्रोग्रॅम चालू करण्याची आज्ञा होती ‘रन’. आज पुण्याच्या हिंजवडीत मराठी मुलं ‘कोड रन होत नाहीये’ म्हणतात, ते त्याच परंपरेतलं.

न धावता मिळणारी धाव

क्रिकेटमध्ये हा शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गुण मोजणारा माणूस काठीवर खाच पाडत असे, म्हणून गुणाला ‘नॉच’, म्हणजे खाच, म्हणत. पुढे मोजण्याच्या खुणेचं नाव मागे पडलं आणि फलंदाजाच्या कृतीचं नाव राहिलं. बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर दोघांनी टोकं बदलली की एक ‘रन’. मात्र चेंडू सीमापार गेला, की फलंदाज जागचा न हलताही चार किंवा सहा ‘रन’ पदरात पडतात. क्रिया नाहीशी झाली तरी नाव टिकलं.

मराठीने त्याला ‘धाव’ केलं आणि मग धावफलक, धावसंख्या, धावगती, धावबाद असा सगळा संसार मांडला. बाळ ज. पंडितांसारख्यांनी आकाशवाणीवरून केलेल्या मराठी समालोचनाने हे शब्द घरोघरी पोचले. त्या समालोचनालाही आपण ‘धावतं’ म्हणतो, ते इंग्रजीतल्या ‘रनिंग’वरूनच. शिवणकामातला धावदोराही या शब्दाचा जोडीदार आहे.

आपलं ‘लागणे’

इंग्रजीत घड्याळ, दुकान आणि सरकार धावतं. मराठीत ही तिन्ही चालतात. नाक आणि नदी वाहते, कापडाचा रंग जातो. ‘रन’चा कारभार मराठीत असा चार-पाच क्रियापदांत वाटला गेला आहे. म्हणून आपली क्रियापदं तोकडी ठरत नाहीत. ‘लागणे’ घ्या. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, झोप लागते, वेळ लागतो, पैसे लागतात, नजर लागते. आंबा गोड लागतो, वाटेत गाव लागतं, निकाल लागतो, नोकरी लागते. ‘तो तुझा कोण लागतो?’ या प्रश्नात नातं येतं आणि ‘रडू लागली’ यात क्रियेचा आरंभ. ‘गाडी लागली’ म्हणजे ती फलाटावर आली, आणि घाटात कुणाला ‘गाडी लागली’ म्हणजे त्याला उलटी होणार. स्पर्श आणि जोडलं जाणं हे यातल्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी आहे.

या संपत्तीची मोजदाद करणारे कोशकार आपल्याकडे होऊन गेले आहेत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची. तिची सुधारित आवृत्ती मुंबईत निघाली तीही नेमकी १८५७ साली. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून निघाले. शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली आला. ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा महाकोश करण्याचं काम तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातच चालू आहे. म्हणजे पद्धत आपल्या घरात आहे आणि पायाही घातलेला आहे.

आता हवा आहे तो प्राचीन मराठीपासून आजच्या बोलीपर्यंत प्रत्येक अर्थाला साल आणि उतारा देणारा मराठीचा कोश. मुंबईत टेलिफोन केंद्र १८८२ साली सुरू झालं. म्हणजे ‘फोन लागला’ हा प्रयोग त्यानंतरचा, पण छापील मराठीत तो पहिल्यांदा कुठे आला? ‘नोकरी लागली’ कधीपासून? ही उत्तरं ‘दर्पण’, ‘ज्ञानप्रकाश’, ‘केसरी’च्या जुन्या अंकांत, बखरींत, पत्रव्यवहारांत आणि गावोगावच्या ग्रंथालयांत आहेत. मरे यांना चिठ्ठ्या पाठवणाऱ्यांत पगारी विद्वान थोडे होते, बाकी सगळे वाचनाची आवड असणारे स्वयंसेवक. असे वाचक महाराष्ट्रातही आहेत. विद्यापीठांनी आणि साहित्यसंस्थांनी त्यांना एकदा नीट हाक द्यावी. काम पिढ्यान्‌पिढ्या चालेल, पण त्यातून मराठी माणसाच्या श्रमांचा, व्यापाराचा आणि नात्यांचा इतिहास त्याच्याच क्रियापदांतून हाती येईल. तो दुसऱ्या कुठल्याही दफ्तरात लिहिलेला नाही.