बशीतल्या पेशी आणि छातीतली गाठ

‘हळदीनं स्तनाचा कॅन्सर बरा होतो, शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय.’ हा मेसेज दर काही महिन्यांनी पुन्हा फिरायला लागतो आणि घरात नुकतंच निदान झालेलं असेल, तिथं तर कोणीतरी तो हमखास पाठवतं. म्हणून हे एकदा नीट समजून घेऊ.

ज्या प्रयोगांचा हवाला देतात ते झालेले आहेत. प्रयोगशाळेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर हळदीतलं कर्क्युमिन टाकलं की त्यांच्या मायटोकाँड्रियातून सायटोक्रोम-सी बाहेर पडतं, कॅस्पेज नावाची विकरं जागी होतात आणि पेशी स्वतःलाच आतून कापून संपवते. पण बशीतल्या पेशी मिठाच्या तीव्र पाण्यानंही मरतात! खरा प्रश्न मात्रेचा आहे. बशीत बहुधा 10 ते 50 मायक्रोमोलर कर्क्युमिन वापरतात. तैवानमधल्या 2001च्या चाचणीत रुग्णांना रोज 8 ग्रॅम दिलं, तरी रक्तातली पातळी सरासरी पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपासच राहिली. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे ते 8 ग्रॅम मिळायला रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल! ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मधल्या 2017च्या आढाव्यात तर शंभराहून अधिक चाचण्या पाहूनही, प्लासिबोशी (औषध नसलेल्या गोळीशी) काटेकोर तुलना करून यशस्वी ठरलेली एकही सापडली नाही.

‘झाडपाल्याचं औषध कंपन्या दडपतात’ म्हणणाऱ्यांनी पॅक्लिटॅक्सेलकडे पाहावं. ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून आलं. विभागणारी पेशी ते मध्येच अडकवतं आणि अडकलेली पेशी मरते. माणसांवरच्या चाचण्यांत टिकलं, म्हणून 1994 मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. आज आपल्याकडेही ते सलाईनमधून दिलं जातं.

आणखी काही गैरसमजही पाहू. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो, ही भीती निराधार आहे. पुरुषांना स्तनाचा कॅन्सर होत नाही, हेही खोटं. शंभरात सुमारे एक रुग्ण पुरुष असतो. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, असंही नाही. हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

येल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या. कॅन्सर इतरत्र पसरलेला नसताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या स्तन-कॅन्सरच्या रुग्णांत मृत्यूचा धोका साडेपाच पटींहून अधिक निघाला. भाजीत हळद जरूर घाला. गोळ्या घेत असाल तर आपल्या कॅन्सरतज्ज्ञांना सांगा, आणि उपचाराची तारीख चुकवू नका.