नाकातले थेंब : दुकानातून घ्या, पण दिवस मोजून

हवा पालटली की औषधाच्या दुकानात एक वाक्य दिवसभर ऐकू येते : "नाक चोंदलंय, थेंब द्या." दुकानदार थेंब देतो, चिठ्ठी कोणी मागत नाही. यात नियम काय म्हणतात?

औषधे नियम, १९४५ मध्ये परिशिष्ट 'एच' आहे. त्यातील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि तसा इशारा वेष्टनावर छापलेला असतो. मात्र चिठ्ठीशिवाय काय विकावे, याची निराळी यादी या नियमांत नव्हती. मे २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक मसुदा काढला. त्यात सोळा औषधे परवानाधारक दुकानातून चिठ्ठीविना देण्याचा प्रस्ताव होता आणि नाक मोकळे करणारी औषधेही त्यात होती. अट अशी की उपचार पाच दिवसांपलीकडे जाऊ नये. तेवढ्यात बरे वाटले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

माझ्या मते त्या मसुद्यातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच. सर्दीत नाक चोंदते ते केवळ शेंबडाने नव्हे. आतल्या त्वचेतील रक्तवाहिन्या फुगतात म्हणून. झायलोमेटाझोलीन किंवा ऑक्सिमेटाझोलीनचे थेंब त्या आकसून टाकतात, आणि पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. औषधाचा अंमल ओसरला की वाहिन्या पुन्हा फुगतात. थेंब रोज चालू राहिले, तर त्या पूर्वीपेक्षा अधिक फुगू लागतात. म्हणजे सर्दी केव्हाच गेलेली असते आणि नाक चोंदते ते थेंबांमुळे! अशी माणसे बाटली उशाशी घेऊन झोपतात. महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे. थेंब बंद केल्यावर काही दिवस नाक आणखी त्रास देते. त्या काळात डॉक्टर दुसरा फवारा देऊन निभावून नेतात. तेव्हा बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहून ठेवा.

गोळ्यांचे पाहा. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत फेनिलएफ्रिन असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये असा निष्कर्ष काढला की नेहमीच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेले हे औषध नाक मोकळे करीत नाही. बरे, त्याच गोळीत पुष्कळदा पॅरासिटामॉलही असते. तापाची गोळी वेगळी घेतली, तर मात्रा दुप्पट होते आणि ती यकृताला सोसत नाही. रक्तदाब, हृदयविकार, थायरॉईड, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर गोळी असो वा थेंब, फार्मासिस्टला आधी सांगावे. दुकानात फार्मासिस्ट हजर असावा हा नियम त्यासाठीच आहे. गल्ल्यावरच्या पोराला हे विचारून उपयोग नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र सवलत नको. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. मोठ्यांचे थेंब तान्ह्याच्या नाकात घालणे त्याहून धोक्याचे. औषध अंगात शोषले जाऊन मूल सुस्तावते, नाडी मंदावते. तान्ह्यासाठी दुकानात सलाइनचे, म्हणजे नुसत्या मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. ते दूध पाजण्यापूर्वी घालावेत. बाळ दूध ओढत नसेल किंवा श्वास घेताना छातीच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर दुकानाकडे न जाता सरळ दवाखाना गाठावा.