चायनीज आम्लेट घरी करा, पण मीठ मोजून

कारंजा (घाडगे) इथं संध्याकाळी चायनीजच्या गाड्यांवर तरुणांची गर्दी असते आणि सकाळी त्यांच्याच आईवडिलांचा रक्तदाब मी मोजतो. परवा एका बाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब, हेच घरी केलं तर?" करा की!

चिनी पद्धतीच्या आम्लेटात भाजी अंड्याच्या बरोबरीनं असते. दोन अंडी म्हणजे सुमारे १२ ग्रॅम प्रथिनं. त्यात वाटीभर पत्ताकोबी, गाजर, कांद्याची पात आणि मोड आलेले मूग घाला. झिंगे घालायचे तर सोलून, काळा धागा काढून आधी परतून शिजवून घ्या. आपल्याकडून समुद्र लांब आहे, त्यामुळे बर्फातला माल वास घेऊनच घ्यावा. सुकट वापरलीत तर आधी धुवा, ती खारवलेली असू शकते.

खरी गोम सोया सॉसमध्ये आहे. त्याच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. तेव्हा सॉस लहान चमचाभरच, आणि वरून मीठ अजिबात नको. लोक अजिनोमोटोला घाबरतात, मला मिठाची धास्ती जास्त.

आम्लेट दोन्ही बाजूंनी नीट भाजा. आत ओलं राहिलं तर साल्मोनेला जिवंत राहू शकतो.

झिंगे खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, दम लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक रुग्णालयात या. पूर्वी असं झालं असेल त्यांनी झिंगे वगळून नुसतं अंडं-भाजीचं आम्लेट करावं.