शब्द मोडला की कौल

गोव्याच्या पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उत्तर काठावर तुये आहे. गावात औद्योगिक वसाहत आहे, सरकारी रुग्णालय आहे, आणि आसपासच्या प्रत्येक गावासारखी देवळंही आहेत. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाही. भावाने फसवलं, भागीदाराने बुडवलं, कचेरीतल्या माणसाने ‘पुढच्या सोमवारी या’ असं दहाव्यांदा सांगितलं, की पाय देवळाकडे वळतात. तो तिथे गुडघे टेकून मुकाट्याने रडायला जात नाही, गाऱ्हाणं घालायला जातो.

गाऱ्हाणं म्हणजे शब्दशः तक्रार. पेडणे, सावंतवाडी, वेंगुर्ले या भागात मात्र हा एक विधी आहे. माणूस नारळ, विडा आणि मूठभर तांदूळ घेऊन येतो. देवासमोर उभा राहून भट, गावकार किंवा घाडी मोठ्याने बोलू लागतो. आधी गावच्या देवांची, राखणदारांची, मूळपुरुषांची नावं घेतली जातात, मग कोण आलंय ते सांगतात, आणि मग काय घडलंय ते. आडपडदा नसतो. या लेकराने अमक्या कामावर भरवसा ठेवला, ते काम अडलं, वाट चुकली असेल तर दाखव, कोणाचं वाईट बोलणं आड येत असेल तर दूर कर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसं एका सुरात म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’

या एका होकारात विधीचं निम्मं काम होतं. विश्वासघाताचं दुःख बहुतेकदा एकट्याने गिळायचं असतं. फसलो हे सांगायलाही लाज वाटते. गाऱ्हाण्यात ते दुःख चारचौघांसमोर, दुसऱ्याच्या तोंडून, ठरलेल्या भाषेत बाहेर येतं आणि दहा गळे त्याला ‘होय’ म्हणतात. त्याचा आणखी एक परिणाम असतो, तो कोणी बोलून दाखवत नाही. ज्याने फसवलं तो पुष्कळदा त्याच गावातला असतो. ‘देवाक सांगलां’ ही बातमी संध्याकाळपर्यंत त्याच्या दारात पोचते.

गाऱ्हाण्यानंतर कौल, म्हणजे देवाकडे मागितलेलं उत्तर. गोव्यातल्या अनेक देवळांत त्याला ‘प्रसाद’ किंवा ‘पाकळी’ म्हणतात. पुजारी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या ठरलेल्या जागी, उजव्या-डाव्या अंगाला चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, अशी सर्वसाधारण रीत. सिंधुदुर्गात अनेक ठिकाणी पाकळीच्या जागी तांदळाचे दाणे असतात. मग वाट बघायची. कधी पाकळी दोन मिनिटांत सुटते, कधी अर्धा तास हलत नाही. गाभाऱ्यातल्या समईच्या उजेडात सगळ्यांची नजर त्या बोटभर पाकळीवर खिळलेली असते आणि बाहेर चौकात कोणी मोठ्याने बोलत नाही.

पाणी सुकलं की पाकळी सुटणारच, कोणती आधी सुटेल ते हवा, पाणी आणि पाकळीचं वजन ठरवतं, असं चिकित्सक माणूस म्हणेल. ते खरं आहे. तो अर्धा तास काय करतो हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. माणसाच्या शब्दावर अवलंबून राहून पोळलेला माणूस त्या वेळात पुन्हा एकदा, आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची वाट पाहतो. पुन्हा विसंबून बघण्याची ही छोटी तालीम असते.

‘कौल’ या शब्दाचा प्रवास मोठा बोलका आहे. तो मूळचा अरबी, अर्थ वचन, दिलेला शब्द. मराठ्यांच्या राज्यकारभारात तो रोजच्या वापरातला होता. ओसाड पडलेलं गाव पुन्हा वसवायचं असलं, की सरकार रयतेला कौल देत असे: या, जमीन कसा, अमुक वर्षं सारा कमी घेऊ, उपद्रव लागणार नाही. त्या कागदाला कौलनामा म्हणत. आज निवडणुकीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ छापतात. सरकारचा शब्द, लोकांचा निवाडा आणि देवाचं उत्तर या तिन्हींना भाषेने एकच नाव दिलं आहे. त्यामुळे पहिले दोन कौल फसले की माणूस तिसऱ्याकडे जातो, यात नवल काहीच नाही.

आणि फसण्याला इथे इतिहास आहे. 1788 मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पेडणे पोर्तुगिजांच्या ताब्यात गेलं. रयतेला कोणी विचारलं नव्हतं. मोकाशांच्या, म्हणजे इनामदारांच्या, जमिनीत पिढ्यान्पिढ्या राबलेल्या कुळांना गोवा मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा मिळाला, 1976 ची दुरुस्ती मिळाली, मुंडकारांसाठी 1975 चा कायदा आला. पण कायद्यातला हक्क सातबाऱ्यासारख्या कागदावर उतरेपर्यंत मामलेदाराकडे किती तारखा पडतात, ते त्या घरांनाच विचारावं. शेजारच्या डिचोलीत खनिजावर संसार उभे राहिले. कर्ज काढून ट्रक घेतले गेले. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि 7 फेब्रुवारी 2018 च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने 88 लीज रद्द ठरवल्या. ट्रक अंगणात उभे राहिले, हप्ते उभे राहिले नाहीत. पेडण्यातल्याच मोपाचा विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून सुरू झाला, पण त्यासाठी ज्यांच्या काजूबागा गेल्या, त्यांचा हिशेब नुसता मोबदल्याच्या आकड्यात बसत नाही. यातल्या कोणत्याही प्रसंगात देव काही करताना दिसला नाही. तरी त्याच्याकडे जाणारी वाट मोडली नाही. का?

तेरेखोल नदीच्या पलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला या ‘का’चं एक उत्तर बघायला मिळतं. जयवंत दळवींच्या लेखनामुळे महाराष्ट्राला हे गाव माहीत झालं. तिथल्या वेतोबाला लोक नवसाच्या चपला वाहतात. माणसाच्या पायात मावणार नाहीत एवढ्या मोठ्या, जाड चामड्याच्या. त्या देवळात ओळीने मांडलेल्या असतात. वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून तळवे झिजतात, अशी भाविकांची श्रद्धा आहे. म्हणून नवी जोडी.

चपला झिजवणारा देव ही कल्पना नीट ऐकली पाहिजे. फसवणाऱ्या माणसाबद्दल इथला माणूस सगळ्यात आधी काय म्हणतो? ‘तो परत फिरकलाच नाही.’ शब्द दिला आणि येईनासा झाला. त्याच्या उलट, हा देव रोज रात्री येऊन जातो. त्याच्या येण्याचा पुरावा सोन्याच्या मुकुटात नाही, झिजलेल्या चामड्यात आहे. गोव्यातले राखणदार याच जातीचे. म्हापशाच्या बोडगेश्वरावर हिंदूंबरोबर ख्रिस्ती शेजाऱ्यांचाही भरवसा आहे. गावोगावच्या राखणदाराला कोणी रोट देतं, कोणी विडी, कोणी मेणबत्ती. रात्री पहारा करणाऱ्या माणसाला जे लागेल तेच देवाला. विश्वास ठेवायचा तो चमत्कार करणाऱ्यावर नव्हे, हजर राहणाऱ्यावर, असा या सगळ्याचा रोख आहे.

याच मातीतला एक माणूस उलट दिशेने गेला. संतकवी सोहिरोबानाथ आंबिये. जन्म 1714, पेडणे तालुक्यातल्या पालयेचा. पुढे घराणं बांद्याला आलं आणि कुळकर्णीपद त्यांच्याकडे आलं. कुळकर्णी म्हणजे गावाच्या हिशेबाचा, म्हणजेच माणसांनी एकमेकांना दिलेल्या-मोडलेल्या शब्दांचा लिहिणारा. परंपरेने सांगितलेली कथा अशी: सावंतवाडीच्या दरबारातून बोलावणं आलं, सोहिरोबा घाईने निघाले, वाटेत इन्सुलीच्या रानात विसाव्याला बसून बरोबरचा पिकलेला फणस फोडला. तेवढ्यात एका सत्पुरुषाने खायला मागितलं. सोहिरोबांनी आधी त्याला गरे दिले. तो गहिनीनाथ होता आणि त्याने उपदेश केला, असं नाथपंथी मानतात. दरबारात पोचायला उशीर झाला, आणि पुढे सोहिरोबांनी चाकरीच सोडली.

साठीच्या सुमारास ते उत्तरेकडे निघाले. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी हे पेडण्यातल्याच केरीचे, त्यांच्यामुळे महादजींची भेट घडली, असं सांगतात. महादजी स्वतः कविता करत. त्यांनी आपल्या रचना दाखवल्या तेव्हा सोहिरोबांनी तोंडदेखली वाहवा केली नाही, सडेतोड सुनावलं आणि ते निघून गेले. 1792 मध्ये उज्जैनहून ते नाहीसे झाले. दरबाराच्या मेहेरबानीवर त्यांनी काहीच टांगून ठेवलं नव्हतं, म्हणून ती गेल्याने त्यांचं काही गेलं नाही. आज विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे.

पण सगळ्यांनाच चाकरी सोडून निघता येत नाही. ज्यांना त्याच घरात, त्याच गावात राहून सावरायचं होतं, त्यांच्यातलं मोठं उदाहरण मराठीत लक्ष्मीबाई टिळकांचं आहे. 1895 मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. सनातनी घरातल्या पत्नीला ते घडून गेल्यावर कळलं. त्या काळच्या बाईसाठी हा नवऱ्याने मोडलेला शब्दच होता. वर्षानुवर्षं त्या वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांच्या आश्रयाने, पंढरपुरातही. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला दिसतं की त्यांनी नवऱ्याला लगेच माफ केलं नाही आणि देवालाही सोडलं नाही. सोवळं-ओवळं, जातपात ही देवाने केलेली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतः सोडवला. माणसांनी रचलेलं एकेक बाजूला काढत गेल्यावर जे उरलं, त्यावर त्यांनी भार टाकला. 1900 मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

मानसशास्त्राने या गोष्टींकडे गेल्या काही दशकांत नीट लक्ष दिलं आहे. अमेरिकेतले ली कर्कपॅट्रिक आणि फिलिप शेव्हर यांनी 1990 मध्ये मांडलेल्या अभ्यासात लहानपणी आईशी सुरक्षित नातं न मिळालेल्या काही जणांमध्ये पुढे अचानक श्रद्धा जागी झाल्याचं दिसलं. जवळच्या माणसाची रिकामी जागा देव भरून काढतो, असा त्याचा एक अर्थ. केनेथ पारगामेंट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये अडचणीत देवाशी वागण्याच्या तीन तऱ्हा सांगितल्या: सगळं माझं मी बघीन, सगळं देवावर सोडलं, आणि देव व मी मिळून बघू. तिसरी तऱ्हा माणसाला अधिक बळ देताना दिसते. मालवणीत, पेडण्यात ‘देवाक काळजी’ म्हणतात ते वरवर दुसऱ्या तऱ्हेचं वाटतं. पण हे म्हणणारी बाई वाक्य संपताच पदर खोचून पुन्हा मामलेदाराच्या कचेरीत जाते. गाऱ्हाण्याची रचनाही तशीच आहे: काम माणसानेच करायचं, देवाने वाट मोकळी करायची.

धोका आहे तो इथेच. फसलेला माणूस देवाकडे निघतो तेव्हा वाटेत कोणीतरी बुवा उभा असतो, आणि दुसऱ्यांदा फसणं पहिल्यापेक्षा महाग पडतं. गाऱ्हाणं उघड्यावर, गावासमोर आणि एका नारळात होतं, त्याची ही बाजू मोलाची. बंद खोलीत, हजारांच्या हिशेबात, ‘कोणाला सांगू नका’ म्हणून होतो तो वेगळाच व्यवहार. आणि झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर देवाबरोबर डॉक्टरही लागतो. टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

कौल झाला की गाभाऱ्यातून पुजारी बाहेर येतो. नारळ फुटतो, पाणी फरशीवर सांडतं, खोबऱ्याची शकलं ताटात पडतात. ताट सगळ्यांपुढे फिरतं. गाऱ्हाणं घालणारी बाई एका टोकाला उभी असते. दुसऱ्या टोकाला, खांबाला टेकून, जमिनीच्या तुकड्यावरून चार वर्षं जिच्याशी बोलणं नाही ती जाऊ असते. मघाशी ‘व्हय म्हाराजा’ म्हणणाऱ्यांत तिचाही आवाज होता. ताट तिच्यापर्यंत येतं, ती एक शकल उचलते, डोळ्यांना लावते, आणि त्यातलाच अर्धा तुकडा मोडून बाईच्या कडेवरच्या पोराच्या हातात देते.